म्हैस व्यायली त्या पहाटे

आजीला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही. थोरला मुलगा गांधीवधानंतरच्या पावसाळ्यातला, धाकटी पानशेत फुटलं त्या सालची, आणि मी बहात्तरच्या दुष्काळातला. कोयनेचा भूकंप झाला त्याच पहाटे आमची म्हैस व्यायली होती. पुस्तकात बघितलं तर ११ डिसेंबर १९६७ ही तारीख सापडते. म्हशीचा उल्लेख नाही.

जनगणनेच्या प्रगणकांनाही हाच मार्ग धरावा लागतो. म्हाताऱ्या माणसाला वय सांगता येईना, की अमका पूर आठवतो का, तेव्हा लग्न झालं होतं का, असं विचारत अंदाज बांधायचा. शाळेतल्या गुरुजींना एवढा वेळ कुठला? त्यांनी सरसकट १ जून लिहून टाकला. माझाही वाढदिवस त्यामुळे निम्म्या वर्गाबरोबर येतो.

गंमत म्हणजे देशाच्या इतिहासातली मोठी पानं आजीकडे कोरी होती. आणीबाणीबद्दल विचारलं, तर म्हणाली, "असेल बाबा." २५ जून १९७५. दिवस पेरणीचे, तिचं सगळं लक्ष आभाळाकडे. दुष्काळाचं विचारलं की मात्र थांबायची नाही. रस्त्याच्या कामावर खडी फोडताना उडालेल्या कपचीचा व्रण तिच्या डाव्या भुवईवर होता. तो दाखवूनच सुरुवात. मग कामावर खायला मिळायची ती सुकडी, मग ती लाल मिलो ज्वारी, जिची भाकरी थापताना कडेने चिरत जायची. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळ जेवण सोडायला सांगितलं, ते तिला पटलं होतं. "आमचे बाकीचे वारही तसेच होते," असं वर म्हणायची. १९५७ साली नवे पैसे आले, तरी तिचा हिशेब शेवटपर्यंत आण्यांतच चालला.

माझ्या मुलीच्या दाखल्यावर तारीख आहेच, दवाखान्याच्या कागदावर तास-मिनिटंही आहेत. तिला ओळख पटवायला पूर नको की दुष्काळ नको, असं मी धरून चाललो होतो. परवा घरात फ्रिज कधी घेतला यावरून वाद झाला. बायको म्हणे २०१८, मी म्हणे २०२१. मुलीने मोबाइलमधून डोकं वर न काढता निकाल दिला, "लॉकडाऊनच्या आधी. लॉकडाऊनमध्ये त्यात आईस्क्रीम लावायचो आपण."

बिल कपाटात असणार. पण बघायला कुणी उठलं नाही.