विणकरांच्या टेकडीवर फ्रेंच शिकताना

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही फ्रान्समधल्या लिऑनला आलो, तेव्हा माझ्या गाठीशी पुण्याच्या अलियान्स फ्राँसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेतलं ए-टू, म्हणजे दुसऱ्या पातळीपर्यंतचं फ्रेंच होतं. क्रियापदं तोंडपाठ होती. पण मी वाक्य जुळवेपर्यंत समोरच्यांचं बोलणं पुढे निघून जायचं. इथे बी-वनचा, म्हणजे त्यापुढच्या पातळीचा वर्ग लावला, तो चांगलाच होता. तरी भाषा खरी अंगवळणी पडली ती शहरातल्या क्र्वा-रूस या टेकडीवर. मी मूळची येवल्याची आणि ही टेकडी रेशीम विणणाऱ्यांची, त्यामुळे तिथे मला विचारायलाही खूप होतं आणि सांगायलाही.

इथल्या विणकरांना कानू म्हणतात. जोसेफ मारी जकार याच शहरात जन्मला. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी उमटवणारं त्याचं यंत्र १८०४ सालचं. त्यावर चालणारे माग उंच असत, म्हणून टेकडीवरच्या जुन्या घरांची छतं जवळपास चार मीटर उंचीची आहेत. एकाच खोलीत माग, चूल आणि झोपायचा माळा. ‘मेझाँ दे कानू’ या संग्रहालयात हातमाग चालवून दाखवतात. माहिती सांगणाऱ्या बाई झरझर बोलत होत्या, पण ताणा कसा भरतात, धोटा कधी फेकतात हे मी लहानपणापासून पाहिलेलं. पुढे काय येणार ते ठाऊक असल्यामुळे शब्द आपोआप लागत गेले. शेन म्हणजे ताणा, त्राम म्हणजे बाणा, नाव्हेत म्हणजे धोटा. हे तीन शब्द मला पुन्हा कधी पाठ करावे लागले नाहीत.

मग मी हात वर केला आणि पैठणीबद्दल सांगितलं. पदरावरचा मोर वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या कांड्या हाताने फिरवून विणतात, आणि अस्सल पैठणी उलट बाजूनेही सुलटीसारखीच दिसते. बाईंनी मला थांबवून तेच सगळ्या गटाला पुन्हा, सावकाश सांगायला लावलं. उलट बाजूला धागे सुटे राहत नाहीत का, असं एका आजोबांनी विचारलं. त्यांना उत्तर देताना व्याकरण मनातही आलं नाही.

तिथून मी कानूंचा इतिहास वाचायला घेतला. १८३१ साली विणकरांनी कापडाला ठरावीक किमान मजुरी मागितली, व्यापाऱ्यांनी ती धुडकावली आणि उठाव झाला. १८३४ साली पुन्हा. भूतकाळाची दोन रूपं, घडून गेलेलं आणि घडत असलेलं, मला या मजकुरातून कळली. काय घडलं ते समजून घ्यायची खरी ओढ होती, म्हणून कुठलं रूप का आलंय हे शोधावंसं वाटायचं.

या शहरात इमारतींच्या पोटातून जाणाऱ्या वाटा आहेत, त्यांना त्राबूल म्हणतात. एका गल्लीतलं दार ढकलायचं, अंगण, जिना, बोळ ओलांडायचा आणि दुसऱ्या गल्लीत बाहेर पडायचं. आत लोक राहतात, म्हणून आवाज करू नका अशा पाट्या असतात. मी त्या पाट्या वाचत हिंडायचे. ‘कूर दे व्होरास’च्या अंगणातला तो भव्य दगडी जिना तर पाहावाच असा आहे.

सकाळी त्याच टेकडीवर बाजार भरतो. चीजवाल्या काकूंकडे सँ-मार्सेलँ हे मऊ चीज मागितलं की त्या विचारतात, आज खाणार, उद्या की रविवारी? त्याप्रमाणे अंगठ्याने हलकेच दाबून कमी-जास्त पिकलेला तुकडा निवडतात. त्यांना उत्तर द्यायचं तर भविष्यकाळ लागतोच. मी अंडी खाते, मांस-मासे नाही, आणि लिऑनचं जेवण मांसाचं. त्यामुळे प्रत्येक पदार्थात काय आहे ते विचारावंच लागायचं. माशाची केनेल, म्हणजे लांबट मऊ मुटका, नको म्हटल्यावर काकूंनीच रवा, लोणी, अंड्यांची साधी केनेल सुचवली. ओव्हनमध्ये ती टम्म फुगते तेव्हा दार उघडायचं नाही, हेही बजावलं.

साहित्याकडे मी उशिरा वळले, पण तिथेच रमले. लुईज लाबे ही लिऑनची सोळाव्या शतकातली कवयित्री, दोरखंड वळणाऱ्याची मुलगी. तिचं पुस्तक १५५५ साली याच शहरात छापलं गेलं. तिच्या एका सुनीतात जगणं-मरणं, जळणं-बुडणं, हसणं-रडणं अशा जोड्या एकामागून एक येतात. क्रियापदं बहुतेक वर्तमानकाळी, वाक्यं छोटी. जुनी भाषा असूनही टिपांच्या आधाराने ते मला उमगलं. ते मी मोठ्याने इतकं म्हटलं की फ्रेंचमधला नाकातला स्वर त्याच चौदा ओळींवर सुधारला. शिकणाऱ्यांना सोप्या केलेल्या गोष्टी देतात त्या द्याव्यातच, पण एखादी खरी कविताही लवकर हाती पडायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

गिन्योलचा बाहुल्यांचा खेळ मुलांसोबत बसून पाहिला. हे पात्र लोराँ मुर्गे या दात उपटणाऱ्या माणसाने गिऱ्हाईक जमवायला सुरू केलेल्या खेळांतून आलं. मुलं ओरडून बाहुल्यांना सावध करतात, मीही ओरडले.

डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेत बी-वन पातळीला ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण असतात. एकूण ५० हवेत आणि कुठल्याही भागात ५ पेक्षा कमी चालत नाहीत. तोंडी परीक्षेत मला स्वस्त, लवकर टाकून दिल्या जाणाऱ्या कपड्यांवरचा उतारा आला. मी मजुरीवर बोलले, कानूंच्या आणि येवल्याच्या. परीक्षक बाईंनी पैठणी एक विणायला किती दिवस लागतात ते विचारलं, आणि वेळ संपेपर्यंत आम्ही त्यावरच बोलत होतो. सर्वांत जास्त गुण मला त्याच भागात मिळाले.