सीबी१ रिसेप्टर आणि माझा सेमिनार

सेमिनारचा विषय मिळाला तेव्हा वाटलं, आठ दिवसांत होईल. एम. फार्म.चं दुसरं सेमिस्टर, विश्रामबागेतली खोली आणि विषय: कृत्रिम कॅनाबिनॉइड्स (गांजातल्या नशेच्या द्रव्यासारखे काम करणारे, प्रयोगशाळेत बनवलेले रेणू) रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनावर, आणि आयन चॅनेलवर, म्हणजे पडद्यातल्या आयनांच्या दारावर, काय करतात. लागले सहा आठवडे.

सेमिनारच्या तालमीत अशाच एका कृत्रिम रेणूबद्दल मी म्हटलं, "जेडब्ल्यूएच-०१८ कॅल्शियम चॅनेल अडवतं." मॅडमनी तिथंच थांबवलं. "म्हणजे ते चॅनेलला जाऊन चिकटतं का?" मी हो म्हणाले. "पुन्हा वाच," एवढंच त्या म्हणाल्या.

वाचल्यावर चूक कळली. रेणू बसतो सीबी१ रिसेप्टरवर, गांजातलं द्रव्यही जिथं बसतं तिथंच. हा रिसेप्टर चेतातंतूच्या टोकाशी, पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार ओवलेला. त्याला आतून लागून जी-प्रोटीन (निरोप आत पोचवणारं प्रथिन) असतं, ते सुटं होतं. त्याचा अल्फा भाग सीएएमपी हा पेशीच्या आतला निरोप्या रेणू कमी करतो. बीटा-गॅमा ही जोडी एन आणि पी/क्यू प्रकारच्या कॅल्शियम चॅनेलना उघडू देत नाही, पोटॅशियमची जीआयआरके चॅनेल मात्र उघडते. कॅल्शियम आत आलं नाही की टोकातून संदेशवाहक रसायन बाहेर पडत नाही. ते ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाचं टोक असेल तर मेंदूची उत्तेजना घटते. गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचं असेल तर ब्रेकच ढिला होतो! हे समजलं त्या रात्री मला झोप आली नाही.

पुढे अडले ते आकड्यांपाशी. सीबी१ला चिकटण्याचा आकडा टीएचसीचा (गांजातलं नशेचं द्रव्य) सुमारे ४१ नॅनोमोलर, जेडब्ल्यूएच-०१८चा सुमारे ९. आकडा लहान म्हणजे पकड घट्ट. पण नुसत्या घट्ट पकडीनं एवढा फरक पडेल? शनिवारी तासगावकडं घरी गेले होते. आबा बागेत ड्रिपचा व्हॉल्व्ह फिरवत होते, आणि तिथं उलगडलं. व्हॉल्व्ह किती घट्ट धरला हे एक, आणि किती फिरवला हे वेगळं. टीएचसी तो अर्धाच फिरवतं. जेडब्ल्यूएच-०१८ पुरता फिरवतं. अमेरिकेत क्लेमसन विद्यापीठात हफमन यांच्या प्रयोगशाळेनं हे रेणू संशोधनासाठी बनवले. २००८मध्ये त्यातलाच एक 'स्पाइस' नावाच्या नशेच्या मिश्रणाच्या पाकिटांत सापडला. नशेसाठी असली पाकिटं ओढणाऱ्यांना आकडी आली, मूत्रपिंडं निकामी झाली, काही जण दगावले. ही स्लाइड करताना हात जड झाला. 'हर्बल' असं छापलेलं वाचून कुणी पोर भुलू नये, असं फार वाटतं.

शेवटचे दोन आठवडे उलट्या बाजूनं गेले. काही रेणू रिसेप्टरला वगळून थेट चॅनेलवरही काम करतात. आपल्या शरीरातलं आनंदमाइड (नाव आपल्या 'आनंद'वरूनच) टी-टाइप कॅल्शियम चॅनेल सीबी१शिवाय अडवतं. विन ५५,२१२-२ हा कृत्रिम रेणू टीआरपीए१ चॅनेलला उघडतो. मग ओळखायचं कसं? आधी रिमोनाबँट देऊन सीबी१ बंद करायचा, किंवा पर्टुसिस टॉक्सिननं जी-प्रोटीन निकामी करायचं. तरीही परिणाम उरला तर वाट दुसरी. हेच रिमोनाबँट एके काळी वजन घटवण्याचं औषध होतं. मानसिक दुष्परिणामांमुळं २००८मध्ये युरोपात त्याची विक्री थांबवली.

सेमिनारला मॅडम पहिल्याच बाकावर होत्या. प्रश्नही तोच: "ते चॅनेलला जाऊन चिकटतं का?"

"कोणता रेणू आणि कोणतं चॅनेल, मॅडम?" मी विचारलं, आणि त्यांनी मान हलवल्यावर टी-टाइपपासून सुरुवात केली.