काट्यावर आधी बाप

शाळेतल्या तपासणीत लेकाचं वजन जास्त निघाल्याची चिठ्ठी आली होती म्हणून आज त्याला घेऊन फोंड्याला डॉक्टरांकडे गेलो. वय नऊ. मला वाटलं, आहारतक्ता देतील आणि सुटलो. पण डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाबा, आधी तुम्ही चढा काट्यावर." चढलो. लेक खुदकन हसला.

मुलांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा) मोठ्यांच्या आकड्यांत बसवायचा नसतो, वय आणि मुलगा-मुलगी पाहून तक्त्यावर मांडतात, हे आजच कळलं. मग प्रश्न सुरू झाले, सगळे आमच्या घराबद्दल. रात्री जेवता किती वाजता? (दुकान बंद करून मी आलो की, म्हणजे साडेदहा.) तो झोपतो कधी? या वयात 9 ते 12 तास झोप हवी म्हणे. टीव्ही कोण लावतं? रोज किमान 60 मिनिटं धावपळ, दम लागेल असं खेळणं होतं का? ट्यूशन पाच मिनिटांवर, तरी मी स्कूटरवर सोडतो. आणि फ्रिजमधला कोला? 300 मिलीत 30 ग्रॅमहून जास्त साखर. आणतो मीच.

घरी आईचा राग वेगळाच. "अंग धरलंय पोरानं, दृष्ट लावू नका!" तिची शीतकढी (भात-कालवण) बिचारी निर्दोष, तिसऱ्यांदा वाढलेला भात मात्र नाही.

संध्याकाळी दोघं देवळापर्यंत चालत गेलो. परतताना पोदेराचा, म्हणजे आमच्या पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला. लेकानं उंड्यांऐवजी (मैद्याचे गोल पाव) दोन पोई (कोंड्याचे पाव) मागितल्या आणि माझ्याकडे बघितलं. दम मलाच लागला होता.