गूम्बा: पहिल्या पडद्यावरचा शत्रू

निन्टेंडोच्या १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या व्हिडिओ गेममध्ये सर्वांत आधी समोर येणारा, भुवया चढवलेला तपकिरी गूम्बा मला त्या खेळातील सर्वांत विचारपूर्वक घडवलेला जीव वाटतो. खरे तर तो निर्मितीच्या अखेरीस आला. कासवासारखा कूपा नवख्या खेळाडूला पहिल्याच भेटीत अवघड जातो असे लक्षात आले, आणि तोवर कार्ट्रिजमधील, म्हणजे खेळ साठवलेल्या कॅसेटमधील, जागा जवळजवळ संपल्यामुळे एकच चित्र आलटूनपालटून आडवे उलटवून गूम्बाची चाल साधली गेली. किती सुंदर काटकसर ही! तो उडी मारत नाही, काही फेकत नाही, कडा आली तरी थांबत नाही. बाजूने स्पर्श झाला तर खेळाडूचे पात्र असलेला छोटा मारिओ मरतो आणि डोक्यावर उडी पडली तर गूम्बा चपटा होतो, एवढ्यातच खेळाचा मूळ नियम एकाही शब्दाविना समजतो.