लिंक्डइन फक्त आयटीवाल्यांचं नाही, सिस्टर लोकांनो

लिंक्डइनचं, म्हणजे नोकरी आणि कामाच्या ओळखींच्या साइटचं, नाव काढलं की वॉर्डातल्या पोरी म्हणतात, ताई ते हिंजवडीवाल्यांचं, तिथं आपल्याला कोण विचारतंय. मला हे अजिबात पटत नाही. पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांचे एचआर तिथं आहेत, मेट्रन मॅडम (सगळ्या नर्सेसच्या प्रमुख) आहेत, आपल्याच कॉलेजच्या सीनियर आहेत ज्या आता दुबईत नाहीतर लंडनला ड्युटी करतायत, नसतो फक्त आपण. आपलं सगळं व्हॉट्सअपवर, कुणीतरी वॉक-इनचं पोस्टर फॉरवर्ड करतं, त्यावर ना पगार ना धड तारीख, तरी आपण नाइट संपवून फाइल काखेत मारून निघतो.

आमच्या आयसीयूतली एक ज्युनियर, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, कात्रजला रूम करून राहते, हाताला एकदम चांगली. प्रोफाइलवर काय लिहिलेलं, तर 'स्टाफ नर्स, लुकिंग फॉर जॉब'. कँटीनमध्ये बसून आम्ही ते बदललं: आयसीयू स्टाफ नर्स, व्हेंटिलेटर पेशंटचा 3 वर्षांचा अनुभव, एसीएलएस, पुणे. बास एवढंच. (एसीएलएस म्हणजे हृदय बंद पडलेल्या पेशंटला वाचवायचं पुढचं ट्रेनिंग, बीएलएस म्हणजे त्याचंच बेसिक.) कारण एचआरवाले सर्चमध्ये आयसीयू, डायलिसिस, कॅथलॅब (अँजिओग्राफीची खोली), ओटी (ऑपरेशन थिएटर) असलं काहीतरी टाकतात, 'हार्डवर्किंग' टाकून कोण नर्स शोधतं सांगा बरं? खाली अनुभवात युनिट किती बेडचं, एबीजी (रक्तातल्या ऑक्सिजन वगैरेची तपासणी), इन्फ्युजन पंप (औषध मोजून सोडणारं मशीन), डिफिब (हृदयाला शॉक द्यायचं मशीन) काय काय हाताळलंय ते लिहा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे हेही लिहा. बीएलएस-एसीएलएसचं कार्ड दोन वर्षंच चालतं त्यामुळे वर्ष टाका. आणि पेशंटचा किंवा वॉर्डातला फोटो चुकूनही टाकायचा नाही, तो कितीही बरा होऊन घरी निघालेला असू दे.

'ओपन टू वर्क'मध्ये, म्हणजे नोकरी शोधतेय हे दाखवायच्या सेटिंगमध्ये, दोन प्रकार आहेत, फोटोभोवतीची हिरवी रिंग सगळ्यांना दिसते, दुसरा फक्त रिक्रूटर्सना. नोकरीत असाल तर दुसरा घ्या, तरी सध्याच्या हॉस्पिटलला कळणारच नाही अशी पूर्ण गॅरंटी लिंक्डइनसुद्धा देत नाही.

पण खरा उपयोग वेगळाच आहे. कॉलेजच्या पेजवर माजी विद्यार्थ्यांचा टॅब असतो, त्यात कोण कुठल्या शहरात, कुठल्या हॉस्पिटलात आहे ते दिसतं. तिथून एखादी सीनियर शोधा आणि 'हाय मॅम, जॉब आहे का' असलं काही पाठवू नका. असं लिहा: "मॅडम, मी आपल्याच कॉलेजची, नंतरच्या बॅचची. तुमच्याकडे आयसीयूसाठी अर्ज करतेय. नाइटला एका सिस्टरकडे किती पेशंट असतात एवढं सांगाल का?" याला लोक उत्तर देतात हो, कारण हा प्रश्न काम करणारीलाच सुचतो. व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकास एक सिस्टर हवी, तिकडून उत्तर आलं की तीन-तीन असतात, तर पगाराचा आकडा बघून भुलू नका.

बाँडचं (ठरावीक काळ नोकरी सोडायची नाही असा करार) आणि ओरिजिनल सर्टिफिकेटचंही त्या सीनियरलाच विचारून घ्या. माझ्या एका मैत्रिणीचे ओरिजिनल एका हॉस्पिटलनं ठेवून घेतले होते, दुसरीकडे सिलेक्शन होऊनही तिला जॉइन होता आलं नाही, किती रडली होती ती. एचआर हे इंटरव्ह्यूत स्वतःहून सांगत नाही, आत काम करणारी सिस्टर सांगते.

बाहेरच्या देशाची ऑफर इनबॉक्सात आली तर आधी ती एजन्सी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर (परदेशी नोकरीला पाठवणाऱ्यांची सरकारी साइट) रजिस्टर्ड आहे का बघा, तिथं नाव शोधता येतं. नियमानं एजंटला सर्व्हिस चार्ज म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. कुणी लाखात मागत असेल, वर 'आजच भरा, सीट जाईल' म्हणत असेल, तर सरळ ब्लॉक करा आणि आपल्या बॅचच्या ग्रुपवर त्या एजन्सीचं नाव टाका, म्हणजे बाकीच्या पोरी तरी फसणार नाहीत.