सूत्र बरोबर आहे, तू उंच आहेस

स्मरणिकेत बहुतेक जण प्रार्थना, डबे आणि छड्या यांवर लिहितील. मी विज्ञानाच्या सरांवर लिहितो, तेही त्यांच्या एकाच तासावर. आमच्या दहावीच्या पुस्तकात वस्तू सरळ वर जायची आणि सरळ खाली यायची. तिरकी फेकलेली वस्तू अकरावीत भेटणार होती. पण गोळाफेकीत जिल्ह्याला निवडला गेलेला एक वर्गमित्र विचारून बसला, "सर, गोळा नेमका किती तिरका टाकायचा?" सरांनी पुस्तक मिटलं.

आधी टेबलाच्या कडेला दोन नाणी आली. पट्टीच्या एकाच फटक्यात एक नाणं पुढे उडालं, दुसरं जागच्या जागी खाली पडलं. "बघू नका, ऐका." आवाज एकच आला. मागच्या बाकांवरून कुजबुज झाली, तशी सरांनी जोरात पट्टी मारली. नाणं पार दुसऱ्या बाकाखाली गेलं. आवाज तरीही एकच. "टेबल पाऊण मीटर उंच, म्हणजे पडायला साधारण 0.4 सेकंद. पुढे किती जोरात चाललोय, याचा पडण्याला पत्ताच नसतो!" मग फळ्यावर गॅलिलिओ आला, 1638 चं त्याचं पुस्तक आलं. आडवा वेग तेवढाच राहतो, उभा मात्र दर सेकंदाला 9.8 मीटर प्रति सेकंदाने बदलतो. दोन्ही मिळून वाट होते अन्वस्ताची, म्हणजे पॅराबोलाची.

पल्ल्याचं सूत्रही सरांनी मांडलं. 30 आणि 60 अंशांना पल्ला सारखाच, सर्वांत लांब 45 ला. गोळाफेकवाला खूश.

"थांब. तुझा गोळा जमिनीतून सुटतो का?"

सुटतो तो खांद्याच्याही वरून, पडतो मात्र पायांच्या पातळीला. पडायला जास्तीचा वेळ मिळतो, तो आडव्या वेगाच्या कामी येतो. म्हणून कोन 40 च्या आसपास उतरतो. शिवाय हाताला वर ढकलण्यापेक्षा पुढे ढकलणं सोपं, म्हणून मुरलेले खेळाडू त्याहूनही खाली टाकतात.

"मग सूत्र चुकलं?"

"सूत्र बरोबर आहे, तू उंच आहेस."

भालाफेकीचं कोणी काढलं, तेव्हा घंटा होऊन गेली होती. नाण्याला किंवा गोळ्याला हवा फारशी अडवत नाही, भाल्याला मात्र ती चक्क उचलून धरते. 1984 मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होनने भाला 104.80 मीटर फेकला. मैदानं पुरेनात, आणि भाला सपाट पडायचा, त्यामुळे टोक आधी टेकलं की नाही यावरही वाद व्हायचे. अखेर 1986 पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य 4 सेंटिमीटर पुढे सरकवला, म्हणजे टोक लवकर खाली वळतं. मला हे त्या सूत्रापेक्षा जास्त आवडलं होतं, खरं सांगायचं तर.

टोकियोत नीरज चोप्राचा भाला 87.58 मीटरवर पडला, त्या रात्री वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अभिनंदनाच्या आधी प्रश्न आला : सुटताना कोन किती होता? कोणी टीव्हीवरचं चित्र थांबवून कोनमापक लावला, कोणी सूत्र टाकलं. हवेचं काय करायचं, यावर मात्र पहाटेपर्यंत एकमत झालं नाही.