फाटकावरचा गुलमोहोर आणि मागचं जांभूळ

मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात आमच्या गुलमोहोराची मांडीएवढी जाड फांदी फाटकावर कोसळली. पुण्यात सहकारनगरातल्या आमच्या गल्लीत त्या वेळी मुलं खेळत असतात. शेजारच्या काकूंचा नातू नुकताच सायकल टेकवून घरात गेला होता. सायकलचं पुढचं चाक पार चपटं झालं. ते चाक पाहिलं आणि माझे पाय गारठले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या आवारात दोन मोठी झाडं. फाटकाजवळचा गुलमोहोर माझ्या सासऱ्यांनी १९८६ साली लावला, माझं लग्न झालं त्या वर्षी. मागच्या बाजूचं जांभळाचं झाड त्याहून कितीतरी जुनं. १९७२ साली बंगला बांधला तेव्हाही ते तिथे होतं, आणि त्याला वाचवायचं म्हणून स्वयंपाकघराची भिंत दोन फूट आत घेतली होती. हे जांभूळ काकूंच्या गच्चीकडे चांगलंच कललेलं आहे. त्यामुळे घरात इतकी वर्षं भीती वाटायची ती जांभळाची. गुलमोहोराकडे कुणी संशयाने पाहिलंच नव्हतं, तो तर दर मे महिन्यात लालभडक फुलायचा.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. म्हणाल्या, "अगं, आता दोन्ही काढून टाका. पावसाळ्यात माझ्या गच्चीवर ते जांभूळ आलं तर काय करायचं?" मलाही ते पटलं. ओळखीतून एका ठेकेदाराचा नंबर मिळाला. तो आला, दुचाकीवरून न उतरताच वर पाहिलं आणि दोन्ही झाडांचा मिळून भाव सांगितला. परवानगीचं विचारलं तर म्हणाला, "ताई, कागदाचं मी बघतो. रविवारी सकाळी लवकर येऊ, दहापर्यंत मोकळं करून देतो." कागद आधी दाखवा म्हटल्यावर त्याने पुन्हा फोन उचलला नाही. बरं झालं. त्याच्या हातून त्या रविवारी काय झालं असतं, याचा विचार आजही अंगावर काटा आणतो.

आपल्या आवारातलं, आपल्या सासऱ्यांनी लावलेलं झाड असलं तरी ते मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा आहे आणि खाजगी जागेतली झाडंही त्यात येतात. नुसता बुंधा तोडणंच नव्हे, तर झाड जाळणं, त्याला इजा करणं हेही कायद्याच्या दृष्टीने तोडणंच. परवानगीचा अधिकार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाचा, आणि अर्ज जातो उद्यान विभागाकडे. २०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण मिळालं. म्हणजे आमचं जांभूळ वारसा वृक्ष ठरत होतं! इतकी वर्षं त्याच्याखाली कपडे वाळत घातले, पण हे ठाऊक नव्हतं.

अर्जासोबत मी मिळकतकराची पावती, दोन्ही झाडांचे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो, पडलेल्या फांदीचा फोटो आणि आवाराचा हाताने काढलेला नकाशा जोडला. बंगला दोघा भावांच्या नावावर आहे, त्यामुळे नाशिकला राहणाऱ्या दिरांचं संमतीपत्रही लागलं. ते यायला चार दिवस गेले. ज्यांची मिळकत सामाईक आहे त्यांनी हे पत्र सगळ्यात आधी मागवून ठेवावं. अर्जात मी लिहिलं होतं, "दोन्ही झाडे धोकादायक असल्याने तोडण्यास परवानगी मिळावी." त्या वाक्यातला "दोन्ही" हा शब्द पुढे मला स्वतःच खोडावा लागला.

स्थळपाहणीला उद्यान विभागाचे निरीक्षक आले. मी त्यांना आधी मागे जांभळाकडे नेलं. त्यांनी वर फार वेळ पाहिलंच नाही. बुंध्याशी उकिडवे बसले, पाचोळा बाजूला केला, कलाच्या उलट बाजूची माती बोटांनी चाचपली. मग मला जवळ बोलावून दाखवलं. झाड आत्ता कलायला लागलं असेल तर या बाजूची माती उचलली जाते, जमिनीला भेगा पडतात, मुळं ताणून वर येतात. इथे त्यातलं काही नव्हतं. खोड खाली तिरकं आणि वर जाताना हळूहळू सरळ झालेलं. "हे लहानपणापासून असंच वाढलंय," ते म्हणाले. "उजेडाकडे कललं आणि त्या हिशेबाने मुळं घट्ट केली. याला काढायचं कारण मला दिसत नाही. गच्चीकडच्या फांद्यांचा विस्तार कमी करा, तेवढं पुरे."

मग फाटकाशी आलो. गुलमोहोराच्या बुंध्यावर त्यांनी लाकडी हातोडीने ठोकलं. आतून ढोल वाजल्यासारखा आवाज आला. थोडं वर ठोकलं तर भरीव, पुन्हा खाली ढोल. भिंतीकडच्या बाजूला, आमच्या कुणाच्या नजरेला कधी न पडलेल्या जागी, बशीएवढी तपकिरी, लाकडासारखी कडक अळंबी उगवली होती. जमिनीलगत त्यांनी बारीक सळई टोचली, ती वीतभर सहज आत गेली. बाहेर काढली तेव्हा टोकाला ओल्या भुशासारखं काहीतरी चिकटलं होतं. वरची पानं हिरवीगार, फुलांनी झाड पेटलेलं, आणि पायथा मात्र कुजून गेलेला. पान हिरवं राहतं कारण पाणी वर नेणारं लाकूड सालीच्या जवळ असतं, मधला गाभा पोकळ झाला तरी ते काम चालू राहतं. पण झाडाचा भार पेलायला पुरेसं लाकूड उरत नाही.

"इथे कधी खोदकाम झालं होतं का?" त्यांनी विचारलं. झालं होतं. २०११ मध्ये आम्ही गाडी लावायला जागा केली, बुंध्याला खेटून पेव्हर ब्लॉक बसवले आणि त्याच वेळी पाण्याची नवी लाइन टाकताना फाटकाकडची मनगटाएवढी मुळं तोडली. मीच उभी राहून ते काम करून घेतलं होतं. तोडलेल्या मुळातून बुरशी शिरते, ती आत आत जाते आणि दहा-पंधरा वर्षांनी असं दिसतं. गुलमोहोर मूळचा मादागास्करचा, मुळं उथळ पसरणारी आणि लाकूड ठिसूळ, त्यामुळे मुळांची एक बाजू गेली की त्याचा तोल सांभाळणारं काही उरत नाही. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी सांगितलं होतं की बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटपासून मोकळी ठेवा. एक मीटर! आम्ही एक इंचही ठेवली नव्हती. हे मला फार लागलं, अजूनही लागतं.

अर्ज दुरुस्त केला: गुलमोहोर तोडणे, जांभळाचा विस्तार कमी करणे. त्यानंतर गुलमोहोरावर नोटीस लागली आणि वर्तमानपत्रात जाहिरात आली. हरकत घ्यायला लोकांना सात दिवस असतात.

त्या सात दिवसांतलीच एक गोष्ट. नोटीस वाचून कॉलेजातली एक मुलगी दारात आली. गळ्यात दुर्बीण. म्हणाली, "काकू, मी हरकत घ्यायला आले नाही. पण त्या वाळक्या फांदीत तांबट पक्ष्याचं घर आहे, तुम्हाला माहीत आहे का?" तिने दाखवलं तेव्हा दिसलं. वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं, कोरल्यासारखं गोल भोक. पाच मिनिटांत हिरवा पक्षी आला, चोचीत वडाचं फळ, आणि आतून एक डोकं बाहेर निघालं. तो टुक्, टुक्, टुक् आवाज मी कित्येक उन्हाळे ऐकत होते आणि कुठेतरी लांब कुणी पत्रा ठोकतंय असं समजत होते.

आता काय? झाड धोक्याचं आणि त्यात पिल्लं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची घरटी आणि अंडी मोडणं हेही गुन्ह्यात धरलेलं आहे, आणि कायदा नसता तरी माझ्याने ते झालं नसतं. मी निरीक्षकांना फोन केला. मार्ग त्यांनीच सुचवला: रस्त्याकडच्या दोन वजनदार फांद्या आधी हलक्या करायच्या, म्हणजे वाऱ्याचा जोर झाडावर कमी बसेल, आणि वाळक्या फांदीला पिल्लं उडेपर्यंत हात लावायचा नाही. फाटकासमोर आम्ही दोर बांधून रस्त्याचा तेवढा भाग अडवला, गाडी मैत्रिणीच्या आवारात ठेवली, मुलांना त्या बाजूला फिरकू दिलं नाही. ती मुलगी रोज संध्याकाळी येऊन बघून जायची. बाराव्या दिवशी तिने सांगितलं, घर रिकामं आहे. तोवर परवानगीपत्रही हातात आलं होतं.

काम करायला या वेळी झाडांचीच कामं करणारा माणूस शोधला. मूळचे मुळशीचे, पन्नाशीचे. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायला लागलो. त्यांचा भाव पहिल्या ठेकेदाराच्या जवळजवळ दुप्पट होता. पण आल्याबरोबर त्यांनी आधी परवानगीपत्र मागितलं, ओळ न् ओळ वाचलं, मग तारा पाहिल्या. महावितरणकडे अर्ज देऊन त्या दोन तासांचा पुरवठा बंद करून घ्या, म्हणाले, त्याशिवाय मी करवत काढणार नाही. माणसांना हेल्मेट, कमरेला पट्टा. आणि गुलमोहोरावर माणूस चढवायला त्यांनी साफ नकार दिला. "आतून पोकळ झाड आहे ताई, त्यावर कुणाचा मुलगा चढवू?" म्हणून पाळणा असलेली गाडी आणली, खर्च वाढला, आणि मी एका शब्दानेही घासाघीस केली नाही.

फांदी कशी कापतात हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. आधी बुंध्यापासून फूटभर लांब खालून अर्धवट काप, मग थोडं पुढे वरून. फांदी पडते ती साल न ओरबाडता. उरलेला खुंट शेवटी. मोठे तुकडे दोराने बांधून खाली सोडले आणि दोराचे वेढे घेतले ते मागच्या जांभळाला, साल खरवडू नये म्हणून गोणपाट गुंडाळून. ज्याला आम्ही पाडायला निघालो होतो, त्यानेच गुलमोहोराचा एकेक तुकडा अलगद खाली उतरवला.

रस्त्यावरून जाणाऱ्या तिघा-चौघांनी थांबून परवानगी आहे का असं विचारलं. एका आजोबांनी तर पत्र हातात घेऊन वाचलं. मला त्याचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. पत्राची प्रत मी फाटकाला लावून ठेवली.

बुंधा आडवा झाला तेव्हा आतली पोकळी दिसली. कोपरापर्यंत हात आत गेला. बाहेर चार बोटं जाडीचं लाकूड तेवढं शाबूत होतं, आणि फाटकाच्या बाजूला तेही नव्हतं. काकू बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि मग माझा हात घट्ट धरला.

जांभळाचं काम दुसऱ्या दिवशी झालं. शेंडा छाटून टाका, अशी काकूंची मागणी होती. दादांनी त्यांना गच्चीवर नेऊन समजावलं. शेंडा छाटला की त्या जागी दाट फुटवे येतात, ते वरवर चिकटलेले असतात आणि दोन-तीन वर्षांत वाऱ्याने तेच मोडून पडतात. त्यांनी फक्त गच्चीकडच्या फांद्यांची टोकं, मागे जिथून बाजूची फांदी फुटते तिथपर्यंत आणून हलकी केली. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कड असते, काप तिच्या बाहेरून घेतला. कड कापायची नाही आणि खुंटही ठेवायचा नाही. कापावर डांबर लावू का, असं मी विचारलं. नको म्हणाले. झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही, ते आतून बांध घालून कुज अडवतं आणि कडेने नवं लाकूड वाढवून काप झाकत नेतं. डांबर फासलं तर आत ओल कोंडून राहते.

तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावायची, असं २०२१ च्या दुरुस्तीत आहे आणि आमच्या परवानगीपत्रातही ती अट होती. गुलमोहोराचं वय ३९. आवारात मोठ्या मुश्किलीने तीन बसली: बकुळ, बहावा आणि एक कडुलिंब, तीही गुलमोहोराच्या जुन्या जागेपासून लांब, कारण तिथल्या मातीत कुजकी मुळं आणि बुरशी राहिलेली असते. बाकीची ३६ प्राधिकरणाने सांगितलेल्या जागी लावली. नातवंडं, दीर, ती दुर्बीणवाली मुलगी, सगळे आले होते. पेव्हर ब्लॉकही उखडले. गुलमोहोराच्या फांद्यांचा बारीक चुरा करून घेतला होता, तो जांभळाच्या बुंध्याभोवती पसरला, खोडाला चिकटू न देता.

यंदाचा पावसाळा काढून जांभूळ तसंच उभं आहे, तितकंच कललेलं. काकू आता गच्चीत निर्धास्त बसतात. जांभळाच्या कापांभोवती नव्या सालीची गोल, गुळगुळीत कड आली आहे. सकाळी तुळशीला पाणी घातलं की मी मागे जाते आणि ती कड अंगठ्याने चाचपून येते.